मार्चमधल्या एनसीएए स्पर्धेआधी संघांची पारख कशी करावी?

वाबाशकाठ

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा जवळ आली, की आमच्या इंडियाना राज्यात दुसरा विषयच उरत नाही. 68 संघ, आणि एक सामना हरला की थेट घरचा रस्ता. मानांकने (गटात ताकदीनुसार दिलेले 1 ते 16 क्रमांक) जाहीर झाल्यावर कोण कुठवर जाईल याचे तक्ते घरोघरी आणि कार्यालयांत भरले जातात. त्याआधी संघांचा अभ्यास नेमका कसा करावा, यावर येथील जाणकारांशी सविस्तर चर्चा व्हावी, म्हणून हा धागा.

मी पर्ड्यू विद्यापीठाच्या परिसरात राहतो, म्हणून उदाहरण तेथलेच घेतो. 2023 आणि 2024 या दोन्ही वर्षी पर्ड्यूला आपल्या गटात पहिले मानांकन होते. दोन्ही वर्षी मध्यभागी 7 फूट 4 इंच उंचीचा झॅक ईडी होता, प्रशिक्षक मॅट पेंटरच होते आणि ब्रेडन स्मिथ व फ्लेचर लॉयर ही गार्डांची (चेंडू पुढे आणणाऱ्या, बाहेरून खेळणाऱ्या खेळाडूंची) जोडीही तीच होती. 2023 साली हा संघ पहिल्याच सामन्यात, 16व्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनकडून 63-58 असा हरला. पुढच्या वर्षी तोच संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. हा फरक स्पर्धा सुरू होण्याआधी दिसण्याजोगा होता का?

माझ्या मते तो होता. संघ पारखताना तो काय उत्तम करतो, हे आपण मोजतो. परंतु ती उत्तम गोष्ट प्रतिस्पर्ध्याने हिरावून घेतली, तर त्या संघापाशी काय उरते, हा प्रश्न आपण विचारत नाही. बाद पद्धतीच्या स्पर्धेत खरी परीक्षा त्याचीच असते. आपले अनुभव आणि मतभेद दोन्ही येऊ द्यावेत.

दशांशचिन्ह

विषय उत्तम आहे, पण जे उरते तेही आकड्यांतच दिसते, असे माझे म्हणणे आहे. त्यासाठी योग्य आकडे पाहावे लागतात.

प्रतिसामना सरासरी गुण हा आकडा सर्वांत फसवा आहे. वेगाने खेळणारा संघ 85 गुण करतो आणि संथ खेळणारा 65 करतो, म्हणून पहिल्याचे आक्रमण सरस ठरत नाही. केन पॉमरॉय यांच्या संकेतस्थळावर दर 100 ताब्यांमागे (ताबा म्हणजे चेंडू एका संघाकडे असण्याची एक खेप) केलेले गुण आणि दिलेले गुण, प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीनुसार दुरुस्त करून दिलेले असतात. पारख तेथून सुरू करावी. त्यानंतर डीन ऑलिव्हर यांनी मांडलेले चार घटक पाहावेत: फेकींची परिणामकारकता, हातून गेलेले चेंडू, आक्रमणातील रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर परत मिळवलेला चेंडू) आणि फ्री थ्रो (प्रतिस्पर्ध्याच्या फाउलनंतर रेषेवरून मिळणारी मोकळी फेक) मिळवण्याचे प्रमाण. यांतील पहिल्याचे वजन सर्वांत जास्त आहे.

आता पर्ड्यूकडे येऊ. 2022-23 च्या मोसमात त्यांची तीन गुणांची फेक 32 टक्क्यांच्या आसपास होती, तर 2023-24 मध्ये ती 40 टक्क्यांवर गेली. ईडीला कोंडीत पकडले, तर बाहेरचे खेळाडू शिक्षा देऊ शकतील का, या प्रश्नाचे उत्तर दोन्ही वर्षी मार्च उजाडण्याआधी उपलब्ध होते.

नवा_भिडू

मी यंदाच येथे शिकायला आलो आहे, म्हणून प्राथमिक प्रश्न विचारतो. संघांची निवड आणि मानांकन ठरवताना समिती हेच आकडे वापरते का?

दशांशचिन्ह

@नवा_भिडू, समितीसमोर अनेक गोष्टी असतात, पण मुख्य वर्गवारी 'नेट' या क्रमवारीवर होते. 2018-19 च्या मोसमापासून तिने जुन्या आरपीआय या क्रमवारीची जागा घेतली. तिच्या आधारे प्रत्येक विजय-पराभव चार श्रेणींत विभागला जातो. पुरुषांच्या स्पर्धेत पहिल्या श्रेणीचा सामना म्हणजे घरच्या मैदानावर पहिल्या 30 मधील, तटस्थ मैदानावर पहिल्या 50 मधील किंवा परक्या मैदानावर पहिल्या 75 मधील संघाशी झालेला सामना. एखाद्या संघाचे 25 विजय पाहून भारावून जाण्याआधी त्यांतील पहिल्या श्रेणीचे किती आणि घराबाहेरचे किती, हे अवश्य पाहावे. स्पर्धेत घरचे मैदान कोणालाच मिळत नाही.

शर्वरी_आयोवा

शेवटचे वाक्य फक्त पुरुषांच्या स्पर्धेला लागू आहे. महिलांच्या स्पर्धेत पहिल्या 16 संघांना पहिल्या दोन फेऱ्या आपल्याच मैदानावर खेळायला मिळतात, आणि त्यामुळे तेथे सुरुवातीचे धक्के कमी बसतात. महिलांचा तक्ता भरणाऱ्याने पुरुषांच्या स्पर्धेचे आडाखे जसेच्या तसे वापरले, तर तो पहिल्याच आठवड्यात तोंडघशी पडेल. महिलांच्या स्पर्धेवर मी पुढे सविस्तर लिहीन, कारण मूळ प्रश्नाचे एक उत्तर तेथे फार स्पष्ट दिसते.

तटस्थ

मला या सगळ्या मांडणीबद्दल मूलभूत शंका आहे. फेअरली डिकिन्सनविरुद्ध पर्ड्यूने तीन गुणांच्या 26 फेकी केल्या आणि त्यांतील 5 आत गेल्या. त्यांच्या मोसमाच्या सरासरीप्रमाणे 8 आत जायला हव्या होत्या. तीन फेकी अधिक म्हणजे नऊ गुण अधिक, आणि सामना तर पाच गुणांनी गेला. नेहमीसारखा दिवस असता, तर पर्ड्यू बहुधा जिंकले असते आणि येथे कोणी त्यांच्या कच्च्या दुव्याबद्दल लिहिले नसते. निकाल लागल्यावर कारणे सापडतातच.

1985 चा अंतिम सामना आठवावा. आठव्या मानांकनाच्या व्हिलानोव्हाने जॉर्जटाउनला 66-64 असे हरवले, तेव्हा त्यांच्या 28 पैकी 22 फेकी आत गेल्या होत्या. जॉर्जटाउनने त्याच मोसमात त्यांना दोनदा हरवले होते. त्या सामन्याआधी जगातील कोणता अभ्यासक व्हिलानोव्हा 78 टक्क्यांहून अधिक अचूकतेने फेकणार, हे सांगू शकला असता?

वाबाशकाठ

@तटस्थ, आपला हिशेब बरोबर आहे, आणि त्या रात्री नशिबाचा वाटा होता हे मला मान्य आहे. परंतु 26 पैकी किती फेकी आत जातील हा नशिबाचा भाग असला, तरी 26 फेकी बाहेरून का कराव्या लागल्या, हा पारखीचा भाग आहे. मोसमभर ज्या संघाचा सारा खेळ ईडीच्या हातात चेंडू देण्यावर उभा होता, त्याला बाहेरून फेकायला लावले गेले. ते आपोआप घडले नाही.

त्या सामन्याची चित्रफीत पुन्हा पाहावी, अशी विनंती आहे. फेअरली डिकिन्सन हा त्या वर्षी पहिल्या विभागातील (महाविद्यालयीन खेळाच्या सर्वोच्च स्तरातील) सर्वांत ठेंगण्या संघांपैकी एक होता. त्यांनी ईडीच्या मागे उभे राहून त्याला अडवण्याचा प्रयत्नच केला नाही. एक खेळाडू त्याच्या पुढे, चेंडू आणि त्याच्यामध्ये उभा राहत असे, आणि दुसरा मागून झाकत असे. बाहेरचा जो खेळाडू मोकळा सुटे, त्याला सुटू दिले जाई. त्याच वेळी पर्ड्यूच्या पहिल्या वर्षाच्या गार्डांवर चेंडू पुढे आणताना सतत दाब ठेवला गेला आणि पर्ड्यूने 16 वेळा चेंडू गमावला. ईडीने 21 गुण आणि 15 रिबाउंड मिळवले खरे, पण अखेरच्या मिनिटांत त्याच्यापर्यंत चेंडू पोहोचवणेच कठीण होऊन बसले.

माजी_मॅनेजर

या धाग्यावर लिहिण्यावाचून राहवले नाही. मी पदव्युत्तर शिक्षण घेत असताना एका मध्यम आकाराच्या विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाबरोबर विद्यार्थी-मॅनेजर म्हणून काम करत असे. प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास आतून कसा होतो, ते सांगतो.

प्रत्येक सहायक प्रशिक्षकाकडे काही प्रतिस्पर्धी वाटून दिलेले असतात. त्या सामन्याचा 'स्काउट' त्याचा, असे म्हणतात. तो त्या संघाचे अलीकडचे सामने पाहतो आणि आम्ही मुले त्यांचे तुकडे करत असू: या खेळाडूचे सगळे पिक-अँड-रोल (सोबत्याच्या आडोशाने पुढे जाण्याच्या चाली) एकीकडे, बाजूच्या रेषेवरून चेंडू आत घेतानाच्या चाली दुसरीकडे, वेळ संपत आल्यावर चेंडू कोणाकडे जातो ते तिसरीकडे. प्रतिस्पर्धी प्रशिक्षक मैदानाबाहेरून कोणती खूण करतात आणि त्यानंतर कोणती चाल येते, याचीही यादी होत असे. मग राखीव खेळाडूंचा 'स्काउट टीम' नावाचा गट सरावात प्रतिस्पर्ध्याची भूमिका वठवतो आणि मुख्य संघ त्याच्याविरुद्ध चालतो.

खेळाडूंच्या हातात मात्र एवढे सगळे दिले जात नाही. प्रत्येकाला एका पानावर दोन-तीन वाक्ये मिळतात. एका फेकणाऱ्याबद्दलचे पान मला अजून जसेच्या तसे आठवते: 'चेंडू झेलताच फेकतो, एक टप्पा टाकायला लावा. डावीकडे गेला तर थांबून फेकतो, उजवीकडे गेला तर बास्केटपर्यंत जातो. उजवीकडे जाऊ देऊ नका.' आमच्या गार्डाने पूर्ण सामनाभर आपला डावा पाय अर्धे पाऊल पुढे ठेवून त्याला उजवीकडचा रस्ता बंद केला. प्रेक्षकांतून पाहणाऱ्याला वाटले असेल, की आज त्या मुलाचा दिवस नव्हता.

स्पर्धेत याला वेळेची मर्यादा पडते. गुरुवारी पहिला सामना जिंकला, की शनिवारी दुसरा. मध्ये एकच दिवस असतो. म्हणून गटातील संभाव्य दोन्ही प्रतिस्पर्ध्यांचा अभ्यास आधीच दोन वेगवेगळे सहायक करून ठेवतात. ज्या संघाची पद्धत सर्वांपेक्षा निराळी असते, त्याचा फायदा या एका दिवसातच असतो. 2011 साली व्हर्जिनिया कॉमनवेल्थने सलामीच्या फेरीपासून थेट उपांत्य फेरी गाठली, त्यात पूर्ण मैदानभर दाब टाकण्याच्या त्यांच्या पद्धतीचा मोठा वाटा होता. एका दिवसाच्या सरावात स्काउट टीमला तो दाब हुबेहूब उभा करता येत नाही.

डेक्कनचा_पिव्हट

मॅनेजर महाशय, फार मोलाची माहिती दिलीत. मी पुण्यात अनेक वर्षे महाविद्यालयीन संघांना शिकवले आहे. आमच्या आंतरविद्यापीठ स्पर्धांना चित्रफितीही नसत आणि आकडेही नसत. प्रतिस्पर्ध्याचा सामना चालू असेल, तेव्हा आम्ही वही घेऊन कठड्यावर बसत असू. अशा वेळी मी मुलांना खेळ सुरू होण्याआधीचा सराव बघायला सांगत असे. कोण कोणत्या हाताने लेअप टाळतो, दमल्यावर कोण फ्री थ्रोच्या रेषेपाशी जात नाही, कोणाच्या गुडघ्याला पट्टी आहे, हे तेथे आपसूक कळते. मुंबईत नागपाड्याच्या मैदानावर वाढलेली मुले तर समोरच्याच्या पायांकडे बघून तो कुठे वळणार, हे ओळखत.

एक शंका विचारतो. आमच्याकडे फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांनुसार दहा-दहा मिनिटांचे चार भाग आणि 24 सेकंदांचे (तेवढ्या वेळात फेक करायची) घड्याळ असते. तिकडे पुरुषांचा खेळ अजून वीस-वीस मिनिटांच्या दोन भागांत आणि 30 सेकंदांच्या घड्याळावर चालतो. म्हणजे बचाव करणाऱ्याला प्रत्येक ताब्यात सहा सेकंद अधिक तग धरावा लागतो. मग शिस्तबद्ध, संथ संघाला या स्पर्धेत झुकते माप मिळते की तोटा होतो?

दशांशचिन्ह

सर, अगदी मर्मावर बोट ठेवलेत. यावर येथेही जुना वाद आहे. संथ खेळाने सामन्यातील एकूण ताबे कमी होतात, आणि ताबे जितके कमी, तितका दुबळ्या संघाला योगायोगाचा आधार अधिक मिळतो. म्हणून बलाढ्य संघाने संथ खेळणे हे स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेणे आहे, असे एक मत आहे.

त्याचे नेहमीचे उदाहरण 2018 चे व्हर्जिनिया. पूर्ण स्पर्धेतील पहिल्या क्रमांकाचा तो संघ 16व्या मानांकनाच्या यूएमबीसी या मेरीलँडमधील विद्यापीठाकडून 74-54 असा हरला. पुरुषांच्या स्पर्धेत असे प्रथमच घडले. मध्यंतराला 21-21 अशी बरोबरी होती. दुसऱ्या भागात यूएमबीसीने 53 गुण केले आणि जायरस लायल्सचे सामन्यातील गुण 28 झाले. माझे मत असे, की संथपणाने त्यांना हरवले नाही, पण पिछाडी भरून काढण्याची वेळ आल्यावर वेग वाढवण्याची दुसरी वाट त्यांच्याकडे नव्हती.

मृण्मयी_रॅले

@दशांशचिन्ह, व्हर्जिनियाच्या बाबतीत एक महत्त्वाची गोष्ट सुटली आहे. डिआंड्रे हंटर हा त्यांचा गुणी खेळाडू मनगटाच्या दुखापतीमुळे स्पर्धेच्या तोंडावरच बाहेर झाला होता. तो अनेक जागांवर बचाव करू शकत असे, आणि यूएमबीसीसारख्या चार-चार गार्ड खेळवणाऱ्या संघाविरुद्ध नेमका तोच हवा होता. पुढच्या वर्षी प्रशिक्षक टोनी बेनेट यांच्याच हाताखाली, तितक्याच संथ पद्धतीने खेळून व्हर्जिनियाने विजेतेपद मिळवले. टेक्सास टेकविरुद्धच्या अंतिम सामन्यात हंटरने 27 गुण केले. तेव्हा पद्धतीला दोष देण्याआधी कोण खेळत आहे आणि कोण नाही, हे पाहायला हवे. मोसमाच्या सरासरीत जखमी खेळाडूचे गुण मिसळलेले असतात आणि ते कोणी वेगळे काढत नाही.

शर्वरी_आयोवा

मृण्मयीताईंशी पूर्ण सहमत. महिलांच्या स्पर्धेत पहिल्या मानांकनाचा संघ 16व्या मानांकनाकडून एकदाच हरला आहे: 1998 साली हार्वर्डने स्टॅनफर्डला त्यांच्याच मैदानावर 71-67 असे हरवले. त्या सामन्याच्या थोडेच आधी स्टॅनफर्डच्या दोन प्रमुख खेळाडू गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेल्या होत्या, आणि हार्वर्डकडे त्या वर्षी देशात सर्वाधिक सरासरीने गुण करणारी ॲलिसन फीस्टर होती. तिने 35 गुण केले. मानांकनाच्या आकड्यापलीकडे कोणी पाहिले असते, तर तो सामना एकतर्फी मुळीच दिसला नसता.

आता मी ज्याबद्दल लिहीन म्हटले होते, ते. 2024 च्या महिलांच्या अंतिम सामन्यात साउथ कॅरोलायनाने आयोवाला 87-75 असे हरवले आणि मोसम 38-0 असा संपवला. सगळीकडे आयोवाच्या केटलिन क्लार्कचीच चर्चा होती आणि तिने 30 गुण केलेही. परंतु त्या सामन्यात साउथ कॅरोलायनाच्या राखीव खेळाडूंनी 37 गुण केले आणि आयोवाच्या राखीव खेळाडूंनी शून्य. आम्ही आयोवात राहणाऱ्यांनी मोसमभर क्लार्कच्या लांबवरच्या फेकी डोळे भरून पाहिल्या, पण सहावी, सातवी, आठवी खेळाडू कोण, याकडे लक्ष देणारे फार थोडे होते. साउथ कॅरोलायनाच्या प्रशिक्षक डॉन स्टेली यांच्या संघात पहिल्या पाच जणींना विश्रांती दिली, तरी खेळाची धार कमी होत नसे. ही गोष्ट मोसमाच्या प्रत्येक सामन्यातील मिनिटांच्या तक्त्यात उघड दिसत होती. मूळ धाग्यातला प्रश्न मी असाही विचारीन: पहिले पाच दमले किंवा फाउलमध्ये अडकले, तर काय उरते?

जर्नलस्क्वेअर

राखीव खेळाडूंचा विषय निघालाच आहे, तर आमच्या गावाचा उल्लेख झाल्याशिवाय हा धागा पूर्ण होऊच शकत नाही. मी जर्सी सिटीत राहतो. मराठी-गुजराती दुकानांची आमची नेहमीची वस्ती जर्नल स्क्वेअरच्या आसपास आहे आणि तेथून जवळच सेंट पीटर्स विद्यापीठ आहे. 2022 च्या मार्चपर्यंत आमच्या लोकांपैकी कितीतरी जणांना त्याच्या संघाचे नावही ठाऊक नव्हते. 15वे मानांकन असलेल्या त्या संघाने केंटकीला जादा वेळेत 85-79, मग मरे स्टेटला 70-60, मग पर्ड्यूला 67-64 असे हरवले आणि अखेरच्या आठ संघांत स्थान मिळवले. 15व्या मानांकनाचा कोणताही संघ त्याआधी तेथवर गेला नव्हता.

केंटकीविरुद्ध डग एडर्टने राखीव म्हणून येऊन 20 गुण केले. प्रशिक्षक शाहीन हॉलोवे यांचा तो संघ मोसमभर राखीव खेळाडूंना भरपूर वेळ देत असे, आणि केसी एनडेफोसारखा बचावपटू आत उभा असल्याने बाहेरचे खेळाडू निर्धास्तपणे अंगावर जात. लहान कॉन्फरन्सच्या (विद्यापीठांच्या साखळीच्या) संघात काय पाहावे, असे कोणी विचारले, तर मी बचाव आणि अनुभव पाहायला सांगेन. फेकी एखाद्या रात्री रुसतात, पण बचाव सहसा दगा देत नाही.

वाबाशकाठ यांना एक विचारतो: 2022 ला आमचा सेंट पीटर्स, 2023 ला फेअरली डिकिन्सन, दोन्ही न्यू जर्सीचे. आपण पर्ड्यूच्या तक्त्यात न्यू जर्सी शोधायला सुरुवात केलीत का? :-)

वाबाशकाठ

@जर्नलस्क्वेअर, येथे तो विषय अजून हळूहळूच काढला जातो!

तटस्थ

फेकी रुसतात, तशा प्रसन्नही होतात, आणि ते आधी कळत नाही, हाच माझा मुद्दा आहे. 2024 साली 14व्या मानांकनाच्या ओकलंडने केंटकीला 80-76 असे हरवले. जॅक गोल्की या खेळाडूने तीन गुणांच्या 20 फेकी केल्या आणि 10 आत घातल्या.

माजी_मॅनेजर

@तटस्थ, गोल्कीचे उदाहरण आपल्या मुद्द्याच्या उलट बाजूचे आहे, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते. (हे ओकलंड मिशिगनमधले आहे, कॅलिफोर्नियातले नव्हे, हे नवीन वाचकांसाठी.) गोल्की जवळजवळ सगळ्याच फेकी तीन गुणांच्या रेषेबाहेरून करत असे. दोन गुणांची फेक तो क्वचितच घेई. असा खेळाडू समोर असताना त्याच्या पानावर एकच वाक्य लिहायचे असते: याला आत जाऊ द्या, बाहेर मोकळे सोडू नका, पडद्याआडून (सोबती उभा राहून करतो त्या आडोशामागून) धावत आला तर वरून पाठलाग करा. केंटकीच्या तरुण बचावपटूंना त्या पडद्यांतून वाट काढता येत नव्हती, आणि तसे बचावाचे दुबळेपण त्या संघात मोसमभर दिसले होते. दहा फेकी आत जाणे हे नशीब असेल. परंतु बाहेरून फेकण्यासाठीच प्रसिद्ध असलेल्या खेळाडूला 20 फेकी घेऊ देणे, याला नशीब म्हणता येणार नाही.

तटस्थ

हा भेद मला पटतो. संधी कोणाला मिळते ते पारखता येते आणि संधीचे काय होते ते येत नाही, अशी मांडणी असेल, तर माझा विरोध नाही. फक्त तक्ता भरणाऱ्यांनी या दुसऱ्या भागासाठी जागा ठेवावी.

मृण्मयी_रॅले

फ्री थ्रोबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही, याचे आश्चर्य वाटते. माझ्या मते अटीतटीच्या सामन्यात सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत दुर्लक्षित आकडा तोच आहे. 2008 च्या अंतिम सामन्यात मेम्फिसकडे दोन मिनिटे आणि काही सेकंद उरले असताना नऊ गुणांची आघाडी होती. फ्री थ्रोमध्ये तो संघ वर्षभर कच्चा होता आणि प्रशिक्षक जॉन कॅलिपारी 'वेळ आली की घालतील' असे सांगत असत. वेळ आली आणि अखेरच्या सव्वा मिनिटात त्यांनी पाचपैकी चार फ्री थ्रो दवडले. मारिओ चाल्मर्सच्या तीन गुणांच्या फेकीने कॅन्ससने बरोबरी साधली आणि जादा वेळेत सामना 75-68 असा जिंकला. उलट 2014 च्या अंतिम सामन्यात सातव्या मानांकनाच्या यूकॉनने (कनेक्टिकट विद्यापीठाने) दहापैकी दहा फ्री थ्रो घातले, केंटकीने 24 पैकी 13, आणि यूकॉन 60-54 असे जिंकले.

आमच्या रॅलेतील एनसी स्टेटची 2024 ची कहाणीही एका फ्री थ्रोवर उभी आहे. कॉन्फरन्सच्या स्पर्धेआधी त्यांचे 17 विजय आणि 14 पराभव होते, म्हणजे ती स्पर्धा जिंकल्याशिवाय राष्ट्रीय स्पर्धेचे दार बंद होते. उपांत्य फेरीत व्हर्जिनिया तीन गुणांनी पुढे असताना अखेरच्या क्षणी त्यांचा फ्री थ्रो हुकला. पुरुषांच्या खेळात सातव्या ते नवव्या सांघिक फाउलवर पहिला फ्री थ्रो घातला, तरच दुसरा मिळतो, म्हणून दुसरी संधीही गेली. मायकेल ओकॉनेलने धावत जाऊन फेकलेला चेंडू फळ्यावर आपटून आत गेला. मग जादा वेळेत विजय, पाच दिवसांत पाच सामने जिंकून कॉन्फरन्सचे विजेतेपद, आणि 11व्या मानांकनावरून थेट राष्ट्रीय उपांत्य फेरी. केरी-मॉरिसव्हिलमधली आमची मराठी मंडळी ड्यूक, नॉर्थ कॅरोलायना आणि एनसी स्टेट अशा तीन तटांत विभागलेली आहेत, पण ड्यूकविरुद्ध डीजे बर्न्सने 29 गुण केले, त्या दिवशी ड्यूकच्या चाहत्यांनीही त्याच्या पाठमोऱ्या खेळाचे कौतुक केले.

डेक्कनचा_पिव्हट

तो मुलगा मी मुद्दाम चित्रफितीत पाहिला. एवढा धिप्पाड देह आणि पाय इतके हलके! बास्केटकडे पाठ करून खेळणारा पिव्हट आता आमच्याकडेही दुर्मिळ झाला आहे. दोघे अंगावर आले, की तो घाई न करता चेंडू धरून ठेवतो आणि मोकळा सोबती शोधतो. मूळ प्रश्नाचे उत्तर मला त्याच्या खेळात सापडते. एका खेळाडूवर दोघे टाकले, तर तो खेळाडू पुढे काय करतो, हे बघावे. मी कोणत्याही संघात सर्वप्रथम हेच बघतो.

नवा_भिडू

पण पाच दिवसांत पाच सामने जिंकणारा संघ ताजा फॉर्म घेऊन येतो, म्हणून त्याला वर धरावे, की दमलेला म्हणून खाली?

दशांशचिन्ह

@नवा_भिडू, ताज्या फॉर्मला अवाजवी महत्त्व देऊ नये, असे माझे मत आहे. एनसी स्टेट लक्षात राहते, कारण ते अपवाद आहे. मात्र अलीकडे एक गोष्ट खरोखर बदलली आहे. ट्रान्स्फर पोर्टलमुळे (खेळाडूंच्या विद्यापीठ बदलण्याच्या व्यवस्थेमुळे) संघ दरवर्षी जवळजवळ नव्याने जुळवले जातात, त्यामुळे नोव्हेंबरमधला संघ आणि फेब्रुवारीमधला संघ यांत पूर्वीपेक्षा जास्त अंतर असू शकते. 2025 चे विजेते फ्लोरिडा पाहा. वॉल्टर क्लेटन आयोनाहून आला, विल रिचर्ड बेलमाँटहून, आणि अलायजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकहून, जो त्या संघाबरोबर 2023 साली राष्ट्रीय उपांत्य फेरी खेळला होता. अशा संघाच्या बाबतीत मी नोव्हेंबरच्या निकालांना कमी आणि जानेवारीनंतरच्या निकालांना अधिक वजन देतो.

2025 च्या त्या अंतिम सामन्याकडे मूळ प्रश्नाच्या दृष्टीनेही पाहावे. उपांत्य सामन्यात ऑबर्नविरुद्ध 34 गुण करणाऱ्या क्लेटनला ह्यूस्टनने पहिल्या भागात एकही गुण करू दिला नाही. म्हणजे सर्वांत चांगली गोष्ट हिरावून घेतली गेली. तरी रिचर्डने 18 गुण करून संघाला सामन्यात टिकवले, 12 गुणांची पिछाडी भरून निघाली आणि अखेरच्या ताब्यात ह्यूस्टनला फेकही करता आली नाही, कारण समोर धावून आला होता तो क्लेटनच. 65-63.

वाबाशकाठ

हे उदाहरण मला फार आवडले. आता 2024 च्या पर्ड्यूची बाकी राहिलेली अर्धी गोष्ट सांगतो.

त्या वर्षी बाहेरची फेक सुधारल्यामुळे फेअरली डिकिन्सनचा उपाय कोणालाच परवडेना. ईडीवर दोघे टाकले, की लॉयर, स्मिथ किंवा सदर्न इलिनॉयहून आलेला लान्स जोन्स बाहेरून घालत. टेनेसीविरुद्ध तर ईडीने एकट्याने 40 गुण केले. मग अंतिम सामन्यात डॅन हर्ली यांच्या यूकॉनने नेमका उलटा डाव टाकला. त्यांच्याकडे 7 फूट 2 इंचांचा डोनोव्हन क्लिंगन होता. त्यांनी ईडीसमोर बहुतेक वेळ त्याला एकट्यालाच उभे केले आणि बाकीच्या चौघांना बाहेरच्या खेळाडूंना चिकटून राहायला सांगितले. ईडीने 25 फेकी घेऊन 37 गुण केले, पण पूर्ण सामन्यात पर्ड्यूला तीन गुणांच्या सातच फेकी करता आल्या आणि एकच आत गेली. सामना यूकॉनने 75-60 असा जिंकला.

एकाच खेळाडूभोवती उभा असलेला संघ, आणि त्याला हरवण्याचे दोन संपूर्ण विरुद्ध मार्ग. फेअरली डिकिन्सनने केंद्र झाकून कडा मोकळ्या सोडल्या, यूकॉनने कडा झाकून केंद्र मोकळे सोडले. यूकॉनचा मार्ग क्लिंगनसारखा माणूस नसता, तर कोणाच्याही अंगाशी आला असता. म्हणून मी आता संघाची स्वतंत्र क्रमवारी लावत नाही. मानांकने जाहीर झाल्यावर गटातील प्रत्येक संभाव्य प्रतिस्पर्ध्याकडे त्या संघाची मुख्य ताकद हिरावून घेणारा माणूस किंवा पद्धत आहे का, एवढेच शोधतो.

शर्वरी_आयोवा

हे वाचून महिलांच्या गटांचे तक्तेही याच पद्धतीने मांडावेत असे वाटते. मानांकने जाहीर झाली, की मी प्रत्येक गटातील पहिल्या चार संघांचे राखीव खेळाडू आणि त्यांची मिनिटे येथे लिहीन. कोणी दुखापतींची माहिती गोळा करू शकेल का?

मृण्मयी_रॅले

दुखापतींचे मी पाहते, पुरुष आणि महिला दोन्ही स्पर्धांचे.

माजी_मॅनेजर

एक व्यावहारिक सूचना करतो. बहुतेक लोक गुरुवारपासून सामने पाहतात आणि मंगळवार-बुधवारी डेटनमध्ये होणारे पुरुषांचे सलामीचे चार सामने सोडून देतात. ते सोडू नयेत. 2011 चे व्हर्जिनिया कॉमनवेल्थ, 2021 ची यूसीएलए आणि 2023 चे फेअरली डिकिन्सन हे तिन्ही संघ त्याच फेरीतून पुढे आले होते. तेथे जिंकलेल्या संघाची ताजी चित्रफीत आपल्याला मिळते आणि त्याच्या पुढच्या प्रतिस्पर्ध्याकडे तयारीला एक-दोन दिवसच असतात. तक्ता भरण्याची मुदत गुरुवारी दुपारी संपत असेल, तर 16व्या आणि 11व्या मानांकनाच्या रकाने बुधवारी रात्रीपर्यंत पक्के भरू नयेत.